पितृपंधरवड्यातले बूट

आधी शाळेच्या बसवाल्या बाईंचं सांगते, मग बाकीचं. आमची मुलगी शाळेच्या संघातून खेळली आणि तो संघ मुळात उभा राहिला, तो त्यांच्यामुळे. खेळाचे सर होते, मुख्याध्यापक बाई होत्या, त्यांनीही केलं. पण त्यांचं ते कामच होतं. बसवाल्या बाईंचं काम नुसतं बस चालवायचं होतं. पांढरी मिनीबस, मागच्या काचेवर कायमचा चिखल, पुढे आरशाला लटकवलेली जपमाळ. बाई साठीच्या पुढच्या, केस बारीक कापलेले, आणि आवाज असा की इंजिन चालू असतानाही शेवटच्या सीटवरचं पोर गप्प बसावं. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. आमची मुलगी त्यांना सरळ नावानं हाक मारते. इथे तीच पद्धत आहे, पण माझी जीभ वळत नाही. पहिलं वर्षभर मी त्यांना काहीच म्हणत नव्हते, लांबून नुसती हसायची. मास्कच्या आतून हसलेलं दिसत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

आम्ही मायलेकी आयर्लंडला आलो २०२०च्या सुरुवातीला. हे आधीच येऊन राहिले होते. ड्रोहेडा नावाच्या गावातल्या एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये हे आचारी. मराठी माणसं इथे भेटतात ती बहुतेक कॉम्प्युटरवाली, डब्लिनमध्ये ग्रँड कॅनाल डॉकला ऑफिस असणारी. त्यांच्यात आम्ही जरा वेगळेच. ड्रोहेडात भाडं परवडेना म्हणून गावाबाहेरच्या एका खेड्यात, बंद पडलेल्या दुकानाच्या वर दोन खोल्या घेतल्या. आम्ही आलो, बॅगा उघडल्या, आणि जग बंद झालं. रेस्टॉरंटला कुलूप. हे घरी, मुलगी घरी, शाळा मोबाईलवर. सप्टेंबरात तिची हायस्कूलची शाळा सुरू झाली तीही मास्क लावून, ठरलेल्या मुलांच्या गटात बसायचं, दुसऱ्या गटात मिसळायचं नाही, खेळायचं नाही. वर्षभरात तिच्या तोंडून एका मैत्रिणीचं नाव ऐकलं नाही. विचारलं की म्हणायची, "इट्स ग्रँड, आई." इथे पाऊस पडला तरी ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड. त्यातून आईनं काय ओळखायचं?

मी स्वतः नववीतून शाळा सोडली. सातारच्या बाजूचं आमचं गाव, शाळा सातवीपर्यंत, पुढे शेजारच्या गावाला चालत जायचं. आम्ही पाच जणी एकत्र जायचो. दोघींची लग्नं झाली, एक मामाकडे गेली. उरलो दोघी. वडील म्हणाले, "दोघींनाच कसं धाडायचं त्या रस्त्यानं?" दुसरीच्या घरीही तेच म्हणाले. अभ्यासात मी बरी होते, घरात कुणाचा विरोध नव्हता, कुणी वाईटही नव्हतं. मुली कमी पडल्या, एवढंच. शाळेची धास्ती तेव्हापासून कायमची बसली. फोनवर मुलीच्या शाळेचा नंबर दिसला की आधी मला घाम फुटतो, मग मी हॅलो म्हणते.

२०२१च्या सप्टेंबरात, ती दुसऱ्या वर्षाला गेल्यावर, एक दिवस जेवताना मुलगी म्हणाली, "आई, दे नीड मी." मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, तेही इथल्या हेलात, आमच्या घरात असंच चालतं. म्हटलं, कुणाला हवी आहेस तू?

"फॉर द फुटबॉल. विथ मी, वी आर एट."

हे म्हणाले, "आठात कसला फुटबॉल? अकरा लागतात."

"नॉट दॅट फुटबॉल, बाबा. धिस वन नीड्स फिफ्टीन."

"मग आठात कसा होणार?"

तिनं डोळे फिरवले आणि पोळी संपवली.

मला उलगडा झाला दुसऱ्या दिवशी, बसथांब्यावर. मी रोज तिला सोडायला जायची, ती नको म्हणायची तरी. बसवाल्या बाईंनी दार उघडलं आणि मला म्हणाल्या, "ये, आत ये, पावसात काय उभी राहतेस. तुला सांगितलं का हिनं?" मी मान हलवली, त्यातून हो निघतं की नाही ते त्यांना कळलं नसावं. मग त्यांनी बाजूच्या काचेवर, जिथे वाफ धरली होती, तिथे बोटानं ठिपके काढले. पंधरा. म्हणाल्या, "आमच्या वेळी अशा पंधरा जणी. बाहेर आणखी दहा जणी बसून शिव्या घालायच्या, मला का नाही घेतलं म्हणून." मग बाहीनं निम्मे ठिपके पुसून टाकले. "आता एवढ्या. पोरीच नाहीत शाळेत. दोन वर्षं संघच झाला नाही. सरांनी आजूबाजूच्या चार लहान शाळांना फोन केले, त्यांचंही तेच रडगाणं. म्हणून यंदा आठ-आठ जणी खेळायचं. मैदान लहान करायचं, बाकी सगळं तेच."

चेंडू हातातही घेता येतो, लाथही मारता येते, खांब इंग्रजी एच अक्षरासारखे, आडव्या दांड्याच्या वरून गेला तर एक गुण आणि खालून गेला तर गोल. हे सगळं त्यांनी त्या काचेवरच शिकवलं. मागून एक मुलगा ओरडला, "उशीर होतोय!" तर म्हणाल्या, "तुला कधीपासून शाळेची घाई झाली?"

मग मला हळूच सांगितलं की सरांकडे सातच मुली झाल्या होत्या. आठवी कुठून आणायची म्हणून ते डोकं धरून बसले होते. "मी म्हटलं, दर सोमवारी माझ्या बसमागे जी धावते ना, दप्तर घेऊन, तिला घ्या. मी आरशात बघते. दप्तरासकट ती मला गाठते."

मला लाजही वाटली आणि बरंही वाटलं. उशीर माझ्यामुळे व्हायचा, सोमवारचा डबा कधी वेळेत व्हायचाच नाही.

पण एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली, आणि तेव्हापासून ती माझ्या डोक्यातून गेली नाही. आठच मुली आहेत. बदली कुणी नाही. पहिल्या सामन्याला आठ उभ्या राहिल्या नाहीत तर सर शाळेचं नाव यंदापुरतं काढून घेणार, मुख्याध्यापक बाईंशी तसं ठरलंय. म्हणजे आमची एकटी गेली नाही तर बाकी सात जणींचंही संपलं. पाचातून दोघी उरल्यावर काय होतं ते मला माहीत होतं. मी घरी येताना रस्ताभर तेच मोजत आले.

सरावाच्या पहिल्या दिवशी मुलगी साध्या बुटांवर गेली आणि ओल्या गवतावर तीनदा आपटली. सरांनी बाजूला काढलं. खाली खिळे असलेले बूट घालून आल्याशिवाय मैदानात यायचं नाही. मागे एका मुलीचं मनगट मोडलं होतं. दातांवर बसवायचं रबरही लागतं, ते शाळेनंच दिलं. बूट मात्र आपले आपण आणायचे. शनिवारी ड्रोहेडाला जाऊन आणू, असं मी म्हटलं. मुलीनं मोबाईलवर रंगही पसंत करून ठेवला.

शुक्रवारी हे म्हणाले, "उद्या नाही आणायचे."

"का?"

"पंधरवडा चालू आहे."

माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. पितृपंधरवडा. या पंधरा दिवसांत आपण नवीन काही घेत नाही, ना कपडा, ना भांडं. एरवी हे असलं फारसं पाळणारे नाहीत. पण त्याच वर्षी मे महिन्यात गावाकडे सासरे गेले होते. कोरोनानं. विमानं बंद, हे जाऊ शकले नाहीत. दिरांनी मोबाईल धरला आणि यांनी इथे स्वयंपाकघरात उभं राहून बघितलं. तेव्हापासून घरात त्याविषयी कुणी बोललं नव्हतं. आता गावी भरणी श्राद्ध होतं, दीर करणार होते.

"अहो, बूट आहेत ते," मी म्हटलं. "दागिना नाही."

"मला खांदा देता आला नाही. पिंड मी देत नाही. मी इथे बसून काय करतो? हे पंधरा दिवस तेवढे पाळतो. एवढं पण नको?"

सामना पुढच्या गुरुवारी होता आणि पंधरवडा त्याच्याही पुढे जात होता. मुलगी दारात उभी होती. तिला सगळं कळतं, मराठी बोलत नाही म्हणून काय झालं. ती म्हणाली, "इट्स ग्रँड," आणि आत गेली. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिनं ते हळूच लावलं.

डब्लिनच्या मराठी बायकांचा एक ग्रुप आहे. त्यात मी फारसं लिहीत नाही, कारण तिथे सगळ्या शिकलेल्या, माझ्या ऱ्हस्वदीर्घाची मला भीती. पण त्या दिवशी विचारलं, की पंधरवड्यात मुलीला खेळाचे बूट घेतले तर चालतात का. उत्तरं धडाधड आली.

एक म्हणाली, "काही नसतं गं तसं, आपण कुठल्या काळात आहोत."

दुसरी म्हणाली, "मी तर ऑफिसचा मॉनिटरसुद्धा पुढच्या महिन्यात डिलिव्हर करा म्हटलं. रिस्क कशाला?"

तिसरी म्हणाली, "ऑनलाइन ऑर्डर पंधरवड्याच्या आधी केली आणि डिलिव्हरी आता आली तर चालतं. आमच्याकडे सोफा तसाच आला."

"पण तिनं आधी केलीच नाहीये ना ऑर्डर."

"अगं मी जनरल सांगतेय."

मग सोफा कुठून घेतला यावर बोलणं गेलं आणि फोटो आले. मी फोन ठेवून दिला.

सोमवारी मुलगी बसमागे धावली नाही. आम्ही वेळेच्या आधीच थांब्यावर उभ्या होतो. बसवाल्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती मागे जाऊन बसली. बाईंनी मला खुणेनं पायरीवर बोलावलं. "काय झालं? सर म्हणाले बुटांचं अडलंय. पैशांची अडचण असेल तर लाजू नकोस."

मला ते वाक्य लागलं. रेस्टॉरंट उघडलं होतं, यांचा पगार चालू होता. पैशांसाठी मुलीला अडवतो असं त्यांना वाटावं? मी माझ्या तोडक्या इंग्रजीत सांगायला गेले. पंधरा दिवस. मेलेली माणसं जेवायला येतात. दुकानात जायचं नाही. म्हणजे जायचं, पण नवीन नाही घ्यायचं. सासरे मे महिन्यात. नवरा इथे. माझं मलाच ऐकून वाटलं, ही बाई आता काय म्हणेल.

त्या म्हणाल्या, "कळलं."

"कळलं?"

"माझी आई नवे बूट टेबलावर ठेवू द्यायची नाही. दुकानातून आणले की पिशवी थेट जमिनीवर. टेबलावर ठेवले तर घरातलं कुणीतरी जातं म्हणायची. मी अजून ठेवत नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "नवे चालत नाहीत. जुने?"

याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पिशवी आणली. पायरीवर ठेवली, माझ्या हातात दिली नाही. आत काळे बूट होते, तळाला खिळे, खिळ्यांमध्ये वाळलेला चिखल, एका बुटाला निराळी नाडी. त्यांच्या मुलीचे. ती आता ऑस्ट्रेलियात असते, दोन मुलांची आई आहे. "माझ्या गुडघ्यांपेक्षा चांगल्या स्थितीत आहेत," म्हणाल्या. मुलीनं बसमध्येच घालून पाहिले. पुढे बोटभर जागा राहिली. "दोन मोजे घाल," बाई म्हणाल्या, आणि गाडी चालू केली.

संध्याकाळी यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "जुनेच आहेत ना?"

"चिखल बघा की."

"विकत नाही ना घेतले?"

"दिलेत."

यांनी पिशवी उचलली. मग मोरीत जाऊन त्यांनी स्वतः ते बूट घासले, काडीनं खिळ्यांमधला चिखल काढला, आणि रेडिएटरच्या बाजूला वर्तमानपत्रावर उभे केले. मला वाटलं, सुटले एकदाचे.

आणि तेवढ्यात माझ्या मनात दुसरं सुरू झालं. माझा स्वभावच तसा, एक काळजी गेली की तिची जागा रिकामी राहत नाही. आमच्याकडे म्हणतात, दुसऱ्याची चप्पल पायात घालू नये. शनीची पनवती मागे लागली की माणसं देवळाबाहेर आपली जुनी चप्पल मुद्दाम सोडून येतात. जो ती घालील त्याच्यामागे पनवती जाते. लहानपणी देवळात चप्पल बदलली गेली की आई आठ दिवस धास्तावलेली असायची. आणि मी माझ्या मुलीच्या पायात दुसऱ्याच्या लेकीचे बूट घालणार होते, तेही पंधरवड्यात. ती पडली, हाड मोडलं, तर? यांना सांगायची सोय नव्हती. ग्रुपवर विचारायची इच्छा नव्हती. यांची ड्यूटी सुरू झाल्यावर मी गावी सासूबाईंना फोन लावला.

"काय गं, या येळंला? पोरगी बरी हाय न्हवं?"

मी सगळं सांगितलं. फुटबॉल, आठ मुली, नवे नकोत, जुने मिळाले, पनवती. त्या ऐकत होत्या. मधे कुणाला तरी म्हणाल्या, "आरं त्या म्हशीला आत घे." मग मला, "पोरी फुटबॉल खेळत्यात तिकडं?"

"खेळतात."

"चड्डी घालून?"

"हो आई."

"बरं. थंडी वाजंल, आतनं काय तरी घाल म्हणावं. आन् ती बूट दिल्याली बाई कोण तुमची?"

"कोण म्हणजे? बस चालवते."

"त्ये न्हाय इचारत. तुमची कोण?"

ओळखीची म्हणावं, तर ओळख काय होती? वर्षभर मी हसले होते आणि तिला ते दिसलं नव्हतं. पण लॉकडाऊनमध्ये शाळेची पुस्तकं घरोघर तीच टाकत फिरायची आणि आमच्या दारात पुस्तकांबरोबर बटाट्यांची पिशवी ठेवून गेली होती. आणि दप्तर घेऊन धावणारी एक पोर तिनं आरशात बघून लक्षात ठेवली होती.

मी म्हटलं, "मावशी म्हणा."

"मग झालं तर. घरच्या मान्साची चप्पल घातली तर पनवती लागत न्हाय."

"असं असतं?"

"असतं. बहिणी बहिणी घालत्यातच की येकमेकींच्या. आईची लेक घालती. कुटं काय हुतंय? परक्याची लागती, घरच्याची न्हाय."

हा नियम मी आधी कधी ऐकला नव्हता. सासूबाईंनी तो तिथेच, म्हैस आत घेता घेता केला असावा, असा मला अजून संशय आहे. पण त्यांचा नवरा जाऊन चार महिने झाले होते आणि पंधरवडा सगळ्यात जास्त त्यांचाच होता. त्या म्हणत असतील चालतं, तर चालतं. फोन ठेवताना म्हणाल्या, "त्यास्नी लई आवडायचं ह्ये. कुस्तीचं मैदान सोडायचं न्हाईत कधी. खेळू दे पोरीला." मी ते रात्री यांना सांगितलं. हे नुसतं "हं" म्हणाले, पण गुरुवारी दुपारची सुटी मागून घेतली.

सामना आमच्याच शाळेच्या मैदानात होता. पंधरा जणींच्या मैदानाच्या मधेच प्लास्टिकच्या पांढऱ्या टोप्या ठेवून लहान मैदान आखलं होतं. समोरच्या शाळेच्या आठ मुली मिनीबसमधून उतरल्या. त्यांचीही बदली कुणी नव्हती. बघायला आम्ही मूठभर माणसं, लांब लांब उभी. वारा असा की छत्री उघडायची सोय नाही. सासूबाईंनी सांगितल्याप्रमाणे मुलीच्या शर्टाच्या आत स्वेटर होता, त्यामुळे ती सगळ्यांत जाड दिसत होती. बसवाल्या बाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. तेव्हा पहिल्यांदा मला दिसलं की त्या एका पायावर भार देत नाहीत, लंगडत चालतात. बसमध्ये बसलेल्या माणसाचं चालणं आपण कधी बघतच नाही. विचारलं तर म्हणाल्या, "खुबा. ऑपरेशनला नंबर लावलाय." आणि लगेच मैदानाकडे बघून ओरडल्या, "बघत काय उभ्या राहता, धावा!"

मी आठ मोजल्या. परत मोजल्या. आठ होत्या.

खेळाचं मला फार कळलं नाही, पण आठच जणी असल्या की लपायला जागा नसते एवढं कळलं. चेंडू सगळ्यांकडे जातो. आमच्या मुलीकडेही गेला. पहिल्यांदा तिनं तो घेतला आणि गरम तव्याला हात लागल्यासारखा सोडून दिला. दुसऱ्यांदा घेतला आणि धावली. मागे समोरच्या शाळेची उंच, लाल केसांची मुलगी. सोमवारी बस गाठताना धावते तशी आमची धावत होती, डोकं खाली घालून. मग त्या उंच मुलीचा खांदा लागला आणि आमची सरळ तोंडावर पडली. चेंडू एकीकडे, ती एकीकडे.

मी निघालेच होते. ओढणी वाऱ्यानं तोंडावर आली तरी मी निघाले होते, मैदानाच्या कडेच्या टोप्या ओलांडून एक पाय आत पडला होता. बसवाल्या बाईंनी माझ्या कोटाची बाही पकडली.

"कुठे चाललीस?"

"पडली ती!"

"ग्रँड आहे ती."

"रक्त आलं असेल!"

"आलं असेल. तू आत गेलीस तर नऊ होतील. मग पंच आपल्यालाच शिट्टी मारेल."

हे पलीकडे उभे होते. त्यांच्या तोंडातून हसू निघालं, मे महिन्यानंतर पहिल्यांदा मी ते ऐकलं. मुलगी उठली. तोंडातलं रबर काढून तिनं गवत थुंकलं, परत रबर बसवलं, आणि त्या उंच मुलीकडे चालत गेली. मला वाटलं आता भांडण. पण ती उंच मुलगी काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

आम्ही हरलो. चांगलेच हरलो. सर म्हणाले, "हरकत नाही, आठ उभ्या राहिल्या, पुढच्या सामन्याचं पक्कं." मुली हरल्यासारख्या दिसत नव्हत्या. आमच्या मुलीच्या हनुवटीवर खरचटलं होतं आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोघी तिच्या खांद्यावर हात टाकून चालत होत्या, आणि तिघी एकदम बोलत होत्या. त्यातल्या एकीचं नाव तिनं त्या संध्याकाळी जेवताना आठ-दहा वेळा घेतलं. मी मुद्दाम काही विचारलं नाही. विचारलं असतं तर "ग्रँड" म्हणून मोकळी झाली असती.

पंधरवडा संपला, दसरा आला. हे म्हणाले, आता नवे घेऊ. मुलगी म्हणाली, हेच राहू देत, हे पायाला बसलेत. संघ वर्षभर आठांचाच राहिला. एकदा एकीला ताप आला तेव्हा समोरच्या शाळेनं आपल्या एका मुलीला बाहेर ठेवलं आणि सात-सात खेळल्या. लहान शाळांमध्ये असं चालतं.

बूट परत करायला मी गेले होते, म्हणजे विचारायला, की ऑस्ट्रेलियाला कळवलंत का, चालेल ना. बसवाल्या बाई म्हणाल्या, "तिला काय करायचेत?" मी त्यांना करंज्या नेल्या होत्या. त्यांनी एक तिथेच स्टिअरिंगमागे बसून खाल्ली आणि दुसरी डॅशबोर्डवर ठेवली. मी म्हटलं, माझ्या सासूबाईंनीही मानलंय, तुम्ही आमच्या मावशी. त्यांनी विचारलं, "मावशीला काय करावं लागतं?" मी म्हटलं, "काही नाही. तिचं आम्ही करायचं असतं." त्या म्हणाल्या, "बरं आहे की," आणि आरशात बघून मागच्या मुलांना गप्प केलं.

त्यांच्या खुब्याच्या ऑपरेशनचा नंबर अजून लागलेला नाही. ड्रोहेडाच्या मोठ्या हॉस्पिटलातून बोलावणं येईल, आज ना उद्या. तेव्हा त्यांना नेणार कोण, हे मी एकदा विचारलं. लेक ऑस्ट्रेलियात, नवरा केव्हाच गेलेला. म्हणाल्या, "बस आहे ना, मी जाईन." परत येताना कोण चालवणार, असं विचारलं तर त्यांनी बसचं दारच लावून घेतलं. मी गाडी कधी चालवलेली नाही. इथे लायसनसाठी आधी लेखी परीक्षा द्यावी लागते, कॉम्प्युटरवर, इंग्रजीत. पण मी पुस्तक आणलं आहे. चिन्हं पाठ होतात, वाक्यं होत नाहीत. मुलगी शिकवते, चिडते, परत शिकवते. नापास झाले तर परत देईन. मावशी, तुम्ही हे वाचणार नाही, पण मी इथे लिहून ठेवते: तुम्हाला हॉस्पिटलातून घरी मीच आणीन. हळू आणीन, मागच्या गाड्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी.